बेल आहे, पण हाताला लागत नाही

वाचकांचे प्रश्न : शुश्रूषा आणि घर

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच लहानशा वस्तूविषयी आहेत. ती वस्तू म्हणजे परावलंबी माणसाच्या पलंगाजवळची, मदतीला बोलावण्याची बेल. पाचही पत्रे नागपुरातील आहेत आणि त्यांतील अडचणी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून या महिन्याचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी आई ७६ वर्षांची आहे. मागच्या दिवाळीनंतर तिच्या मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा खंडित होऊन तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि तेव्हापासून तिचा डावा हात व डावा पाय लुळा आहे. मी आणि माझे यजमान दोघेही नोकरी करतो, त्यामुळे चार महिन्यांपासून तिला शहरातीलच एका निवासी शुश्रूषा केंद्रात ठेवले आहे. खोली स्वच्छ आहे, जेवण बरे आहे, मावश्याही मायेने वागतात. परंतु मी भेटायला गेले की आई एकच सांगते, ‘मी हाका मारते, कोणी येत नाही.’ व्यवस्थापकांचे म्हणणे असे की प्रत्येक पलंगाला बेल दिलेली आहे, आजीच ती दाबत नाहीत. बेल खरोखरच आहे. पलंगाच्या डाव्या बाजूच्या भिंतीवरून तिची वायर उशीपर्यंत येते. मागच्या आठवड्यात आई रात्री एकटीच उठू लागली आणि पलंगावरून घसरली. सुदैवाने हाड मोडले नाही. यात चूक कोणाची मानायची?
— एक वाचिका, त्रिमूर्तीनगर

उत्तर : आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्याच पत्रात आहे. आईंची डावी बाजू लुळी आहे आणि बेलही डाव्या बाजूला आहे. ज्या हाताने ती दाबायची तो हात हलत नाही आणि जो हात हलतो त्याला ती सापडत नाही. ‘प्रत्येक पलंगाला बेल आहे’ हे व्यवस्थापकांचे विधान पलंगापुरते खरे आहे. पलंगावरच्या माणसाच्या दृष्टीने ते खरे नाही.

यात आणखी एक गोष्ट असू शकते आणि ती सहजासहजी कोणाच्या लक्षात येत नाही. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की अनेक रुग्णांचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळे शाबूत असतात, पण डावीकडचे अर्धे जग त्यांच्यापुरते नसल्यासारखे होते. अशी माणसे केस अर्धेच विंचरतात, डाव्या बाजूने कोणी बोलले तरी उजवीकडे पाहतात, आणि पुष्कळदा आपला डावा हात आपला आहे हेही विसरतात. आपल्याकडे याची एक सोपी घरगुती खूण आहे. आपल्या पद्धतीने वाढलेल्या ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर असते, तर उजवीकडे भाजी आणि वरण. आई रोज भाजी संपवत असतील आणि चटणी-कोशिंबीर मात्र जशीच्या तशी ताटात राहत असेल, तर त्यांना त्या आवडत नाहीत असा निष्कर्ष एकदम काढू नका. ताट अर्धे फिरवून पाहा. आता कोशिंबीर संपली आणि भाजी राहिली, तर ही गोष्ट त्यांच्या डॉक्टरांना अवश्य सांगा. असे असेल तर डावीकडच्या बेलविषयी आईंना कितीही वेळा समजावून सांगितले तरी उपयोग होणार नाही, कारण समजावणे हे स्मरणाला असते आणि इथे उणीव आहे ती लक्ष जाण्याची.

फिजिओथेरपी देणारे कधीकधी सांगतात की रुग्णाचे लक्ष दुबळ्या बाजूकडे वळावे म्हणून वस्तू त्याच बाजूला ठेवाव्यात. व्यायामाच्या वेळेपुरते ते बरोबर आहे. भेटायला येणाऱ्यांची खुर्ची किंवा टीव्ही डावीकडे ठेवायलाही हरकत नाही. परंतु पाणी, चष्मा आणि बेल या गोष्टी व्यायामासाठी नाहीत. त्या उजवीकडेच हव्यात.

आता व्यवस्था. पलंग उलटा फिरवून डोक्याची बाजू पायथ्याकडे नेता आली तर तीच भिंत उजवीकडे येते आणि खर्च शून्य होतो. ते जमत नसेल तर वायरमनकडून वायर लांबवून पलंगाच्या डोक्याकडून उजव्या बाजूला आणून घ्यावी. मात्र एवढे करून काम संपत नाही, कारण ‘हाताशी’ ही जागा दिवसभर बदलत असते. ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही त्यांना पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी वळवावे लागते. आई उजव्या कुशीवर असताना त्यांचा चांगला हात शरीराखाली किंवा शरीरालगत अडकलेला असतो. तेव्हा बेल छातीसमोर, तळव्याजवळ हवी. पाठीवर झोपलेल्या असताना ती उजव्या मांडीलगत हवी. दुपारी खुर्चीत बसवल्यावर बेल पलंगावरच राहते आणि माणूस चार फुटांवर बसलेला असतो, ही चूक तर मी असंख्य वेळा पाहिली आहे. वायर एवढी लांब असावी की ती खुर्चीपर्यंत पोचेल, किंवा खुर्चीसाठी वेगळी बिनतारी बेल असावी.

वायर घसरून जमिनीवर पडते, ही पुढची अडचण. ती चादरीला कापडी चिमट्याने अडकवावी. उशीला अडकवू नये, कारण उशी सरकते. पलंगाच्या कठड्याला गुंडाळू नये, कारण कठडा खाली केला की बेलही त्याच्याबरोबर खाली जाते. मनगटाला किंवा गळ्याभोवती वायर बांधणे धोक्याचे आहे, ते कोणी सुचवले तरी मान्य करू नका.

आपल्या शहराच्या हवामानामुळे यात दोन जादा खोडी निर्माण होतात, त्या इथेच सांगते. मे २०१३ मध्ये नागपूरचे तापमान ४७.९ अंशांवर गेले होते. तेवढे दर वर्षी जात नसले तरी एप्रिल लागला की प्रत्येक केंद्रात कूलर सुरू होतात आणि पलंग कूलरच्या झोतात किंवा झोताबाहेर सरकवले जातात. बेलची वायर मात्र हिवाळ्यातल्या जागीच राहते. शिवाय झळा आत येऊ नयेत म्हणून दुपारी दारे लोटलेली असतात आणि कूलरची घरघर एवढी असते की आपल्या आईंसारख्या अशक्त माणसाची हाक दाराबाहेर जात नाही. ‘हाका मारते, कोणी येत नाही’ या वाक्यात कदाचित कोणाचाही निष्काळजीपणा नसेल, केवळ कूलर असेल. पावसाळ्यात याच पलंगांना मच्छरदाणी लागते आणि बेल मच्छरदाणीच्या बाहेर राहते. म्हणून पलंग हलवला, कूलर लावला किंवा मच्छरदाणी खोचली की बेल पुन्हा एकदा पाहायची, असा नियमच असावा.

ती कशी पाहायची, हेही सांगते. दारातून नजर टाकून बेल जागेवर दिसली म्हणजे झाले असे नाही. पलंगापासून दूर जाणाऱ्या शेवटच्या व्यक्तीने, मग ती मावशी असो, सिस्टर असो किंवा भेटायला आलेली मुलगी असो, ‘आजी, बेल दाबून दाखवा’ असे म्हणावे आणि बाहेर दिवा लागल्याची खात्री करून मगच खोली सोडावी. याला अर्धा मिनिट पुरतो. आईंच्या पलंगाच्या डोक्याशी ‘बेल उजव्या हाताशी’ असा मोठ्या अक्षरांचा कागद चिकटवा. पाळी बदलली, नवी मावशी आली, तरी कागद तिथेच असतो.

घसरण्याविषयी दोन शब्द. रात्री माणूस एकटा उठतो तो बहुधा लघवीसाठी. आईंना लघवी जास्त होण्याची गोळी असेल तर ती सकाळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. झोपण्यापूर्वी आणि मध्यरात्री एकदा त्यांना स्वच्छतागृहात नेण्याची किंवा पॉट देण्याची वेळ केंद्राने ठरवून घ्यावी. अर्धांगवायूनंतर रक्त पातळ ठेवणारी गोळी बहुतेकांना असते. अशी गोळी घेणाऱ्या व्यक्तीच्या डोक्याला पडताना मार लागला असेल, तर वरून काही दिसत नसले तरी डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायला हवे. आपण तसे दाखवले नसेल तर हे उत्तर वाचून झाल्यावर आधी तेवढे करा.

चूक कोणाची, हे आपण विचारले आहे. आईंची नक्कीच नाही. बेल त्यांच्या शरीराला जुळवून ठेवणे हे केंद्राचे काम होते आणि ते झालेले नाही. आपली चूक मला दिसत नाही; मात्र पुढच्या भेटीत खुर्चीवर बसण्यापूर्वी आईंच्या उशीजवळ वाकून, त्यांच्या नजरेच्या उंचीवरून खोली एकदा पाहा. बेल कुठे आहे हे तिथून वेगळेच दिसते.

प्रश्न : मी नागपुरात २२ पलंगांचे ज्येष्ठांसाठीचे केंद्र चालवतो. आमच्याकडे स्मृतिभ्रंश असलेले एक आजोबा आहेत. ते रात्रभर बेल वाजवतात, तीस-चाळीस वेळा. जाऊन विचारले तर ‘काही नाही’ म्हणतात. रात्रपाळीला दोनच मावश्या असतात. मागच्या महिन्यात अचानक गेलो तेव्हा दिसले की मावशीने बेल पलंगाच्या वर खिळ्याला टांगून ठेवली होती. मी रागावलो तेव्हा ती म्हणाली, ‘साहेब, आजोबा घडीघडी दाबते, मंग बाकीच्यायचं कोण पाहीन?’ तिचेही मला खोटे वाटले नाही. मार्ग काय?
— एक केंद्रचालक

उत्तर : मावशीवर रागावण्याचा अधिकार मला नाही, कारण तेच मी केलेले आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, एका रुग्णालयातील पुरुषांच्या कक्षात रात्रपाळीला असताना, एका वृद्ध रुग्णाची पितळी घंटी मी उचलून खिडकीत ठेवली होती. आम्ही त्यांना आपसात ‘घंटावाले बाबा’ म्हणत असू. ते दर दहा मिनिटांनी घंटी वाजवत आणि विचारले की नुसते बघत राहत. सकाळी फेरीवर आलेल्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि नळी घालायला सांगितली. जवळजवळ एक लिटर लघवी निघाली. ती रात्रभर तुंबलेली होती, त्यांना ते शब्दांत सांगता येत नव्हते आणि जे एक साधन त्यांच्याजवळ होते ते मी काढून घेतले होते. पुढे परिसेविका आणि अधिसेविका म्हणून काम करताना ‘फार बेल वाजवतात’ ही तक्रार आली की मी आधी पोट तपासायला सांगत असे.

वारंवार बेल वाजवणे हे खोड म्हणून न पाहता लक्षण म्हणून पाहिले, तर मार्ग दिसू लागतो. लघवी तुंबणे, बद्धकोष्ठ, गुडघ्याचे दुखणे, तहान, ओली चादर, अंधाराची भीती, शेजारच्या पलंगाचा आवाज, यांपैकी काहीही कारण असू शकते आणि ‘काही नाही’ या उत्तराचा अर्थ ‘सांगता येत नाही’ असा असू शकतो. जे आजोबा कालपर्यंत शांत होते ते एक-दोन दिवसांत असे वागू लागले असतील, तर लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, पाणी कमी पडणे किंवा नवे औषध यांमुळे आलेला तात्पुरता बुद्धिविभ्रमही असू शकतो. तेव्हा डॉक्टरांना बोलावण्यात दिवस घालवू नये.

तीन रात्री एक वही ठेवा. बेल किती वाजता वाजली, मावशीने जाऊन काय पाहिले, काय केले आणि त्यानंतर किती वेळ शांतता होती, एवढेच लिहायचे. मावशीला लिहिणे अवघड असेल तर तिने सांगावे आणि सकाळी दुसऱ्या कोणी उतरून घ्यावे. माझा अनुभव असा की तिसऱ्या दिवशी वहीत काहीतरी आकार दिसतो. एखादे आजोबा बारा ते दोनच्या दरम्यानच वाजवतात, एखाद्यांचे वाजवणे दिवा मंद ठेवल्यावर निम्म्यावर येते. वेळ कळली की बेल वाजण्याच्या आधीच मावशीने जायचे. तासा-दोन तासांनी ठरवून मारलेल्या फेरीत दुखते का, लघवीला जायचे का, कूस बदलायची का, पाणी आणि बेल हाताशी आहे का, एवढे पाहिले गेले तर बेल वाजण्याची कारणेच कमी होतात, आणि दोन माणसांतही रात्र निभावता येते.

स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत एक कटू गोष्ट मान्य केली पाहिजे. आजार पुढे गेल्यावर बेल कशासाठी आहे हेच काही जण विसरतात आणि नवे शिकवता येत नाही. अशा व्यक्तीसाठी बेलवर विसंबून राहणे म्हणजे कोणीच न पाहण्यासारखे आहे. तिथे फेऱ्याच हव्यात. तरीही बेल काढून घेऊ नये. आपल्या आजोबांना ती वाजवता येते, म्हणजे त्यांच्या मनात ‘बोलावले की कोणी येते’ एवढे अजून शिल्लक आहे. ते जपण्यासारखे आहे. बेल खिळ्याला टांगणे आणि माणसाचा हात बांधणे यांत मला फारसा फरक वाटत नाही.

आपण कोणत्या प्रकारची बेल लावली आहे ते लिहिलेले नाही, म्हणून थोडे साधनाविषयी. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांच्या संस्थेची सूत्रे हाती घेताना घातलेल्या अटींत एक अट घंट्यांची होती. रुग्णांच्या घंट्या परिचारिकेच्या दाराबाहेर वाजाव्यात आणि घंटी वाजताच तिच्यावरची झडप उघडून ती उघडीच राहावी, म्हणजे कोणी बोलावले ते नंतरही दिसेल, असा त्यांचा आग्रह होता. पावणेदोनशे वर्षे होत आली, तरी बाजारातील पुष्कळशा बेल या कसोटीला उतरत नाहीत. दाराची साधी बिनतारी बेल एकदा ‘डिंग-डाँग’ करते आणि गप्प होते; मावशी त्या वेळी दुसऱ्याच्या अंगाखालची चादर बदलत असेल तर कोणी बोलावले हे तिला कधीच कळत नाही. घरी एकच रुग्ण असेल तर तिने भागते. २२ पलंगांना मात्र पलंगाचा क्रमांक दाखवणारा, दारावर दिवा लावणारा आणि जोवर कोणी पलंगाजवळ जाऊन बंद करत नाही तोवर चालू राहणारा फलक हवा. टेबलावरून बंद करता येणारी बेल घेऊ नका. ती टेबलावरूनच बंद केली जाते. फलक इन्व्हर्टरवर असावा, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात वीज जाते ती नेमकी सर्वांना त्रास होत असताना. बिनतारी बेलच्या कळीत बहुधा १२ व्होल्टचा लहानसा सेल असतो. दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक कळ दाबून पाहण्याचे काम कोणा एकाच्या नावावर लिहून ठेवा. ‘सर्वांनी पाहावे’ असे लिहिले तर कोणीही पाहत नाही.

प्रश्न : मी ८२ वर्षांचा निवृत्त मुख्याध्यापक, हे पत्र शेजारच्या खोलीतील मित्राकडून लिहवून घेत आहे. काचबिंदूमुळे मला आता उजेड-अंधारापलीकडे फारसे दिसत नाही आणि संधिवाताने बोटे वाकडी झाली आहेत. माझ्या खोलीतली बेल पांढरी, भिंत पांढरी, चादर पांढरी. मित्र म्हणतो ती दिसते. मला ती कुठेच नसते. सापडली तरी कळ इतकी बारीक आहे की बोटाने दाबली जात नाही. आम्हा लोकांसाठी काही निराळी सोय असते का?
— एक वाचक, वर्धा रोड

उत्तर : असते, आणि त्यातली बरीचशी शिंप्याच्या डब्यातून निघते. आपल्यासाठी बेल डोळ्यांनी शोधण्याची वस्तू नाही, म्हणून तिचा रंग बदलून आपल्याला थोडाच लाभ होईल. ज्यांना अंधूक दिसते त्यांना मात्र पांढऱ्या चादरीवर गडद निळ्या किंवा लाल कापडात शिवलेली बेल चांगली सापडते. आपल्याला हवी ती हाताला कळणारी खूण. पलंगाच्या कठड्यापासून एक जाड सुती नाडा बेलपर्यंत न्यावा आणि कठड्याकडच्या टोकाला गाठ मारावी. गाठ सापडली की नाड्यावरून हात सरकवत बेलपर्यंत जाता येते. कळीवर खरखरीत वेल्क्रोचा तुकडा चिकटवला तर दिव्याचे बटण कोणते आणि बेल कोणती हेही स्पर्शाने कळते. जागा मात्र रोज तीच हवी. झाडू मारणाऱ्या बाईंनी सुद्धा ती हलवल्यावर परत तिथेच ठेवावी, हे आपण मुख्याध्यापकाच्या आवाजात एकदा सांगितले तर बहुधा पुरेल.

बोटांसाठी: बारीक कळीऐवजी तळहाताएवढी सपाट गादीसारखी बेल मिळते. तिच्यावर मूठ, कोपर किंवा हाताची कड टेकली तरी ती वाजते. ती मिळेपर्यंत वायरमनकडून पाण्याच्या मोटारीला लावतात तसे मोठे पुशबटण बसवून घेता येईल. कंपवाताच्या रुग्णांना याच्या उलट अडचण येते. हात थरथरल्यामुळे बेल दहादा वाजते किंवा कळीवरून बोट निसटते. त्यांनाही मोठा पृष्ठभाग सोयीचा पडतो, आणि बेल अनेकदा वाजली म्हणून त्यांच्यावर कोणी चिडू नये. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या पलंगाजवळ बेल लागल्याचा लहान दिवा हवा, नाहीतर ती वाजली की नाही हे त्यांना कळत नाही आणि ते दाबतच राहतात. मानेखालचे शरीर हलत नाही अशा माणसांसाठी गालाच्या स्पर्शाने किंवा नळीत फुंकर मारून चालणाऱ्या कळी असतात. कोणाला कोणती जमेल हे ठरवणे व्यवसायोपचारतज्ज्ञांचे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीवाल्यांचे काम आहे. आपल्या ‘मेडिकल’मध्ये, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, तो विभाग आहे. आपल्या हातांचीही तिथे तपासणी करून घ्यावी असे सुचवते.

स्वच्छतागृहाविषयी आपण विचारलेले नाही, पण पडण्याची जागा तीच आहे. तिथली बेल उभ्या माणसाच्या उंचीवर असते आणि पडलेला माणूस जमिनीवर असतो. ब्रिटनमधील इमारत-नियमांत अपंगांच्या स्वच्छतागृहातील ओढण्याच्या लाल दोरीला दोन कड्या सांगितल्या आहेत. एक ८०० ते १००० मिलिमीटर उंचीवर, बसलेल्या माणसासाठी, आणि दुसरी जमिनीपासून अवघ्या १०० मिलिमीटरवर, पडलेल्यासाठी. जमिनीपर्यंत लोंबणारी दोरी पोचा लावताना भिजते म्हणून ती वर गुंडाळून ठेवण्याचा मोह सगळीकडे होतो. सुती दोरीऐवजी नायलॉनची वापरली तर तेवढी सबब उरत नाही.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत असतो. तो म्हणतो की तिकडे नर्सिंग होममध्ये बेल रुग्णाच्या हाताशी नसेल तर तपासणीत दोष लिहिला जातो. आपल्याकडे असा कायदा आहे का?
— एक वाचक, महाल

उत्तर : भाच्याचे म्हणणे बरोबर आहे. आधी शब्दाचा घोळ दूर करू. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हणजे धंतोली-रामदासपेठेत दिसते तसे लहान खासगी रुग्णालय, आणि त्याची नोंदणी १९४९ च्या राज्य कायद्याखाली होते. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ परावलंबी माणसे महिनोन्महिने किंवा वर्षानुवर्षे राहतात असे शुश्रूषागृह असा आहे. तिथे १९८७ मध्ये अशा गृहांसाठी सुधारणा कायदा झाला. त्याखालच्या केंद्रीय नियमांनुसार निवाशाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणे हा त्याचा हक्क आहे आणि पलंगाजवळून, शौचालयातून व न्हाणीघरातून केलेला पुकार थेट कर्मचाऱ्यापर्यंत किंवा त्यांच्या कामाच्या मुख्य जागेपर्यंत पोचवणारी यंत्रणा आवश्यक आहे. २०१६ मध्ये हे नियम सुधारले आणि ‘प्रत्येक निवाशाच्या पलंगाजवळून’ ही अट २८ नोव्हेंबर २०१९ पासून लागू झाली. त्यामुळे तपासनीस खोलीत शिरल्यावर वायर कुठे पडली आहे ते पाहतो, आणि दुबळ्या हाताच्या बाजूची बेल त्याच्या लेखी दोष ठरते.

आपल्याकडे २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा आहे; त्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे, पण पलंगाजवळच्या बेलचा उल्लेख नाही. माझ्या मते अधिक उपयोगी आहे तो २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. त्यात ‘वाजवी सोय’ ही कल्पना स्पष्ट केलेली असून ती नाकारणे हा भेदभाव मानला आहे. अर्धांगवायूच्या रुग्णासाठी बेलची वायर दुसऱ्या बाजूला नेणे ही याहून वाजवी सोय कोणती असेल? शिवाय महिन्याचे शुल्क घेणारे केंद्र सेवा विकत असते, म्हणून सेवेतील त्रुटीसाठी ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी विनाशुल्क आहे.

तथापि कायद्यापर्यंत जाण्यापूर्वी करारनाम्याकडे पाहा. प्रवेशाच्या वेळी सही करायच्या कागदांत पुढील वाक्य जोडून घ्या: ‘निवाशाच्या चालू हाताशी, पलंगावर, खुर्चीत व स्वच्छतागृहात, वाजवता येईल अशी बेल ठेवली जाईल आणि प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला ती निवाशाकडून वाजवून पाहिली जाईल.’ या वाक्याला नकार देणारे केंद्र कसे आहे, ते त्या नकारातूनच कळेल.

प्रश्न : आम्ही सासूबाईंना घरीच ठेवले आहे. बेलऐवजी शिट्टी दिली तर चालेल का?
— एक वाचिका, मानेवाडा

उत्तर : दम चांगला असेल आणि ओठ मिटत असतील तर वीज गेल्यावरची जोड म्हणून चालेल. दमा, तोंडाचा अर्धांगवायू किंवा रात्री काढून ठेवलेली कवळी असेल तर शिट्टी वाजत नाही. पितळी घंटी बरी, पण ती गोल असल्यामुळे गडगडते. तिच्या दांड्याला कापडाची पट्टी शिवून ती चादरीला टाचावी. शिट्टी द्यायचीच झाली तर ती उशीच्या अभ्र्याला खिसा शिवून त्यात ठेवा, दोरीने गळ्यात अडकवू नका.